एक गाळलेला शब्द

भाषांतराच्या कामात पंचवीस वर्षे घालवलेल्या मनुष्याला एक खोड जडते. कोणताही मजकूर हाती आला, की त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय गाळले आहे याकडे त्याचे लक्ष आधी जाते. वाचकहो, या खोडीपायीच मी आज आपल्यापुढे असा एक विषय आणीत आहे, की ज्याचे नाव काढताच आपण पान उलटाल अशी मला भीती वाटते. विषय आहे नगरपरिषदांच्या खरेदीचा व कंत्राटांचा. निविदा, दरपत्रके, अनामत रक्कम, ठेकेदार हे शब्द आपल्या मासिकाच्या पानांवर सहसा येत नाहीत. तरी थोडा वेळ थांबावे अशी विनंती आहे.

माझे एक स्नेही मूळचे सोलापूरकडचे. गेली कित्येक वर्षे ते इंग्लंडातील एका नगरपरिषदेच्या हिशेब खात्यात नोकरी करीत आहेत. त्यांच्याकडून कळले, की त्यांच्या कचेरीला कंत्राटविषयक नियमांचे पुस्तक मुळापासून नव्याने लिहावे लागले. तेथील १९७२ च्या स्थानिक शासन कायद्याप्रमाणे कंत्राटे कोणत्या पद्धतीने द्यावीत याचे स्वतःचे स्थायी नियम प्रत्येक परिषदेला करावेच लागतात. पुढे २०२३ साली सार्वजनिक खरेदीचा नवा कायदा झाला आणि तो २४ फेब्रुवारी २०२५ पासून अमलात आला. त्यामुळे परिषदांना आपापली नियमपुस्तके त्याच्याशी जुळवून घेणे भाग पडले. जुन्या, म्हणजे २०१५ च्या नियमावलीत 'आर्थिकदृष्ट्या सर्वांत हितकारक' निविदा निवडावी असे म्हटले होते. नव्या कायद्यात 'सर्वांत हितकारक' निविदा असे शब्द आहेत. 'आर्थिकदृष्ट्या' हा शब्द तेवढा गेला.

"एका शब्दाचे एवढे काय घेऊन बसलात?" असे आमचे स्नेही मला हसून म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. जुन्या शब्दांचा अर्थ 'सर्वांत स्वस्त' असा कधीच नव्हता; कामाचा दर्जा, टिकाऊपणा, वेळ यांचा विचार पूर्वीही करता येत होता. परंतु कायद्याचे पुस्तक वाचतो कोण? ते वाचतो तुलनात्मक तक्ता तयार करणारा कारकून आणि त्या तक्त्याची पुढे तपासणी करणारा लेखापरीक्षक. 'आर्थिकदृष्ट्या' हा शब्द आरंभीच दिसला, की त्यांची नजर थेट शेवटच्या रकान्यातील आकड्यावर जाते. मूळ लेखकाला काय म्हणावयाचे होते ते निराळे आणि वाचणाऱ्याने काय घेतले ते निराळे, ही आम्हा भाषांतरकारांची नित्याचीच व्यथा आहे.

त्या शब्दाला इंग्लंडात एक इतिहासही आहे. १९८० च्या आणि नंतर १९८८ च्या कायद्याने तेथील परिषदांवर अशी सक्ती झाली, की कचरा उचलणे, रस्ते झाडणे, इमारतींची सफाई, शाळांतील भोजन अशी कामे परिषदेच्या स्वतःच्या नोकरांकडे परभारे राहू नयेत. खाजगी ठेकेदारांबरोबर निविदेच्या स्पर्धेत उतरूनच त्या नोकरांनी ती मिळवावीत. १९८८ च्या त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. ठेकेदार आपल्या कामगारांना काय पगार देतो, कोणत्या अटींवर राबवतो, या गोष्टी 'व्यापारेतर' समजाव्यात आणि निविदा निवडताना परिषदांनी त्यांचा विचार करू नये, असे त्यात होते. वाचकहो, हे वाक्य मी दोनदा वाचले. पगार किती देता असे विचारण्याची आवश्यकता नाही एवढेच तो कायदा सांगत नव्हता. विचारूच नका, असे बजावत होता. ही बंदी पुढे २००१ साली शिथिल झाली.

या व्यवस्थेत काय घडले याचे एक उदाहरण न्यायालयाच्या दप्तरी नोंदलेले आहे. नॉर्थ यॉर्कशायर परगण्यात शाळांतून मुलांना जेवण रांधून वाढणाऱ्या स्त्रिया परिषदेच्या नोकरीत होत्या. कामांच्या मूल्यमापनात त्यांचे काम रस्ते झाडणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या आणि बागकाम करणाऱ्या पुरुषांच्या कामाच्या तोडीचे ठरले होते आणि त्याप्रमाणे त्यांना वेतनही मिळत होते. भोजनाच्या कामाची निविदा निघाली तेव्हा खाजगी ठेकेदार कमी पगारावर बायका ठेवतो, म्हणून त्याचा दर कमी येतो, असे परिषदेच्या लक्षात आले. तेव्हा कंत्राट हातचे जाऊ नये म्हणून परिषदेने या स्त्रियांना नोकरीतून काढले आणि कमी वेतनावर पुन्हा घेतले. पुरुषांचे वेतन होते तसेच राहिले. प्रकरण वरिष्ठ न्यायासनापर्यंत, म्हणजे त्या वेळच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि १९९५ साली निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. स्पर्धेत टिकण्यासाठी असे करावे लागले हे खरे असले, तरी त्यामुळे समान कामाला असमान वेतन देणे न्याय्य ठरत नाही, असा त्याचा आशय होता.

मला या खटल्यात विशेष वाटते ते हे, की त्या परिषदेत कोणी दुष्ट मनुष्य असल्याचे दिसत नाही. कोणी लाच घेतली नाही, कोणी खोटा हिशेब लिहिला नाही. सर्वांनी आकड्याची आज्ञा पाळली. आकडा कमी करावयाचा होता आणि तो कमी झाला. तो कोणाच्या ताटातून कमी झाला, हे सांगणारा रकाना तक्त्यात नव्हता.

आपल्याकडे हा रकाना असतो असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कोणत्याही शहरातील सफाईचे कंत्राट घ्या. त्या कामात यंत्रे थोडी आणि माणसे फार. खर्चाचा मोठा भाग पगाराचाच. अशा कामासाठी अंदाजपत्रकापेक्षा पुष्कळ 'बिलो' निविदा आली, तर ती घट डिझेलमधून येणार की झाडूच्या किमतीतून? १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने अशी तरतूद केली होती, की ठेकेदाराने वेतन बुडवले तर मूळ मालकाने, म्हणजे येथे नगरपालिकेने, ते भरून द्यावे. तरतूद उत्तमच होती. परंतु बुडालेले वेतन मागून भरून देणे ही एक गोष्ट, आणि वेतन बुडाल्यावाचून जी पुरी होणारच नाही अशी निविदा मुळातच न स्वीकारणे ही दुसरी.

मग आपण सारे आकड्याला इतके धरून का राहतो? याचे उत्तर मी मानभावीपणाने देऊ इच्छीत नाही, कारण आकड्याचा एक मोठा गुण आहे: आकडा कोणाचाही मेहुणा नसतो. सर्वांत कमी दर कोणाचा हे शाळकरी मुलगाही सांगू शकतो. 'हितकारक' कोणते हे मात्र कोणीतरी ठरवावे लागते, आणि जेथे ठरवणारा आला तेथे त्याची आवडनिवड आली, त्याची ओळखपाळख आली, कधी पाकीटही आले. आपल्या देशात लोकांनी सर्वांत कमी दराचा नियम उराशी धरला तो कंजूषपणापायी नव्हे, अनुभवापायी. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत गुणवत्ता व दर यांना मिळून गुण देण्याची पद्धत मुख्यतः सल्लागार सेवांपुरती ठेवली होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये वित्त मंत्रालयाने इतर कामांनाही, ती गुणवत्ताप्रधान म्हणून आधी जाहीर केल्यास, ती पद्धत लावण्यास मुभा दिली. परंतु गुणवत्तेचे वजन ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये अशी मर्यादा घातली. हे नियम केंद्राचे आहेत; राज्ये व नगरपालिका यांचे नियम निराळे. तरी या ३० टक्क्यांत मला आपल्या देशाचे मन दिसते. विवेकाला दार उघडावयाचे तर आहे, पण साखळी लावून.

आता थोडे स्वतःविषयी सांगणे प्राप्त आहे, नाहीतर हा सारा दुसऱ्यांच्या घरचा हिशेब होईल.

सुमारे अठरा वर्षांपूर्वी आमच्या भाषांतर समितीने एका बोलीतील मार्ककृत शुभवर्तमान छापावयास दिले. तीन दरपत्रके मागवली आणि रीतीप्रमाणे सर्वांत कमी दर स्वीकारला. एकच पावसाळा गेला आणि पुस्तकांची पाने सुटू लागली. पुढल्या भेटीत एका पाड्यावरील म्हातारीने आपली प्रत मला दाखवली. पोती शिवण्याच्या दाभणाने तिने ती कडेने शिवून घेतली होती. त्यामुळे प्रत्येक ओळीतील पहिली दोन अक्षरे शिवणीत गेली होती. तिने तक्रार केली नाही. पुस्तके अशीच असतात असे तिला वाटले असावे.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी मी समितीत आग्रहाने बोललो. केवळ दर पाहू नका, कागद पाहा, बांधणी पाहा, पूर्वीचे काम पाहा, असे मी सांगितले. सर्वांना ते पटले. दुसऱ्या क्रमांकाच्या दराचा छापखाना निवडला गेला. काम इतके उत्तम झाले की त्या प्रती आजही वापरात आहेत. मात्र त्या छापखान्याचे मालक माझ्या पत्नीचे मावसभाऊ होते, आणि हे मी समितीला सांगितले नव्हते.

का सांगितले नाही? मी स्वतःशी म्हटले, की माझ्या मनात काही काळेबेरे नाही, मला एक पैसा मिळावयाचा नाही, छापखाना खरोखरच चांगला आहे. मग उगाच सांगून सभासदांच्या मनात किंतू कशाला निर्माण करावा? वर्षभराने ते नाते उघड झाले. समितीचे वृद्ध चिटणीस, ज्यांना आम्ही सारे काका म्हणत असू, मला बाजूला घेऊन इतकेच म्हणाले, "त्याच दिवशी का नाही बोललात?" मी काम किती चांगले झाले ते सांगू लागलो. काकांनी हात वर करून मला थांबवले. कामाविषयी त्यांचा प्रश्नच नव्हता.

त्याहूनही एक गोष्ट मला अधिक सलते. सर्वांत कमी दर देणारा एक तरुण होता; नुकतेच त्याने छोटे यंत्र घेतले होते. सभेच्या दिवशी तो व्हरांड्यात बसून होता. आपले दरपत्रक कोणत्या कारणाने नाकारले हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. त्यानंतर त्याने आमच्याकडे कधी दरपत्रक पाठवले नाही. त्याने काय समजून घेतले असेल ते आपणच ताडावे. त्याचे ते समजणे खोटे होते असे मी शपथेवर सांगू शकतो का? आज मला तशी खात्री देता येत नाही.

या पार्श्वभूमीवर इंग्लंडच्या नव्या कायद्याकडे पुन्हा पाहावे. त्यात एक शब्द गाळला खरा, पण त्याबरोबर पुष्कळ काही घातलेही आहे. प्रामाणिकपणे वागणे, आणि वागताना तसे दिसणे, या गोष्टीकडे लक्ष ठेवावे असे आरंभीच सांगितले आहे. ज्यांच्या निविदांचे मूल्यमापन झाले त्या प्रत्येकाला, जिंकलेल्याला तसेच हरलेल्यालाही, त्या मूल्यमापनाचा सारांश देणे बंधनकारक केले आहे. मोठ्या कंत्राटांत निवड जाहीर केल्यावर सामान्यतः कामकाजाचे आठ दिवस थांबावे लागते, म्हणजे कोणाला हरकत घ्यावयाची असेल तर त्याला अवधी मिळतो. व्हरांड्यातील त्या तरुणासाठी आमच्या समितीने यातील काहीही केले नव्हते.

हितसंबंधांविषयीचे कलम तर मला फारच विचार करावयास लावणारे वाटले. खरेदी करणाऱ्या संस्थेने कोणाचा कोठे हितसंबंध गुंतला आहे याची लेखी नोंद ठेवावी, हे ओघानेच आले. पुढे म्हटले आहे, की जेथे प्रत्यक्षात हितसंबंध नाही, परंतु एखाद्या समंजस मनुष्याचा तसा गैरसमज होऊ शकेल, तेथेही तो गैरसमज दूर करण्यासाठी काय केले याची नोंद असावी. मी निर्दोष आहे एवढे पुरे नाही; माझे निर्दोषत्व दुसऱ्याला दिसेल अशी तजवीज करणे हेही माझेच काम! प्रथमदर्शनी हे अपमानास्पद वाटते. पण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात पौल यरुशलेमेतील गरिबांसाठी जमवलेल्या वर्गणीविषयी नेमके हेच करताना दिसतो. एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी बोल लावू नये म्हणून तो इतर बंधूंना बरोबर घेतो, आणि आपल्याला प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य तेच करावयाचे आहे असे कारण देतो. ते वचन मी स्वतः त्या बोलीत उतरवले होते. क्रियापद कोणते वापरावे यावर आम्ही दोन दिवस वाद घातला होता. आणि त्याच वर्षी मी छापखान्याचे नाते झाकून ठेवले होते.

आपल्यापैकी कोणी येथे जुन्या करारातील योवाश राजाची हकीकत माझ्यापुढे ठेवील. मंदिराच्या डागडुजीच्या वेळी कारागिरांवर देखरेख करणाऱ्यांकडून हिशेब मागितला जात नव्हता, कारण ते विश्वासूपणे वागत, असे दुसऱ्या राजांच्या बाराव्या अध्यायात आहे. मूळ इब्री शब्द 'एमूना'. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो 'आमेन' त्याच धातूपासून आलेला. तेव्हा एवढे नियम, नोंदी, सारांश कशाला? विश्वास ठेवावा आणि काम द्यावे! परंतु तोच अध्याय थोडा आधीपासून वाचावा. अगोदरच्या व्यवस्थेत पैसा याजकांच्या हाती जात होता आणि राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झालीच नव्हती. तेव्हा राजाने कोणाला शिक्षा केली नाही. त्याने व्यवस्था बदलली. पेटी आणली, झाकणाला भोक पाडले, ती वेदीजवळ सर्वांच्या देखत ठेवली. आणि पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजीत. हिशेबाची सूट मिळाली ती सुतार, गवंडी, पाथरवट यांना मजुरी चुकती करणाऱ्यांना. पेटी उघडणाऱ्यांना नव्हे. आपल्याकडे बहुधा याच्या उलट असते. झाडूवाल्याची हजेरी दिवसातून दोनदा लागते आणि निविदा समितीचे इतिवृत्त कपाटात बंद असते.

नियम आधी जाहीर करावेत आणि मग ते स्वतःवरही लागू करावेत, ही गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७९ साली मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या प्रकरणात स्पष्ट केली आहे. निविदेच्या सूचनेत हॉटेल व्यवसायाच्या पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती. प्रत्यक्षात ज्याची निविदा स्वीकारली गेली तो त्या अटीत बसत नव्हता. ज्याने दावा आणला त्याने निविदा भरलीच नव्हती. त्याचे म्हणणे असे, की ही अट सैल आहे हे ठाऊक असते तर मीही भरली असती. विलंबासारख्या कारणांमुळे त्याला दाद मिळाली नाही, परंतु सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिला स्वतःलाही बांधते, असे न्यायालयाने बजावले. अट खरी मानून जे दारापर्यंत आलेच नाहीत त्यांची नावे कोणत्याही तक्त्यात नसतात. 'हितकारक' म्हणजे काय हे पाकिटे फोडल्यावर ठरवले, तर अन्याय होतो तो अशा न आलेल्या माणसांवरही.

असो. गेल्या वर्षी आमच्या मंडळीच्या शाळेसाठी बाके घ्यावयाची होती. समितीत मी होतो. या वेळी गुण कशाला किती हे आम्ही दरपत्रके मागवण्यापूर्वीच फळ्यावर लावले: लाकूड, दुरुस्तीची हमी, सुतारांना मिळणारी मजुरी, आणि दर. दर हा सर्वांत मोठा वाटा ठेवला, तरी तो अर्ध्याहून कमी होता. आलेल्या चार दरपत्रकांपैकी एका सुताराचे आडनाव माझेच निघाले. त्याचा माझा काडीचा संबंध नाही. त्याचे गाव वेगळे, मंडळीही वेगळी. मी चिटणीसांना म्हणालो, "हे इतिवृत्तात लिहा." त्या बाई गोंधळल्या. "सर, नाते नाही, मग लिहायचे काय?" मी म्हटले, "हेच लिहा." त्यांनी बराच विचार करून एक ओळ लिहिली: आडनाव एक, नाते नाही, तरीही संबंधित सभासद या दरपत्रकाला गुण देताना बाहेर बसले.

व्हरांड्यात माझ्याजवळच तो सुतार बसला होता. मी बाहेर का आलो असे त्याने विचारले. मी सांगितले. तो हसला आणि म्हणाला, "मग माझे काम गेलेच म्हणा की." त्याला तिसरा क्रमांक मिळाला. गुणांचा कागद आम्ही चौघांनाही दिला. त्याने तो व्हरांड्यातच उभ्याने वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि पुढल्या वर्षी कपाटे घेणार असाल तर कळवा, असे सांगून तो गेला.